मुचलका

धुळे तुरुंग
ता. १६ ऑक्टोबर १९२१

जैतून हिस गफूरचा सलाम.

मी खुशाल आहे. पत्र मराठीत पाहून अम्माला नवल वाटेल. उर्दू पत्र वाचणारा इथं कोणी नाही, ते तपासायला मुंबईला जातं आणि महिना-दीड महिना तिथंच पडून राहतं. मराठी पत्र इथला कारकून वाचतो आणि दोन दिवसांत सोडतो. महिन्यातून एक पत्र लिहायचं आणि एकच घ्यायचं, असा इथला कायदा. मागल्या वर्षी बाराखडी गिरवताना तू कुरकुरायचीस. आता कळलं ना ती कशासाठी होती?

अम्माला नीट समजावून सांग, मी चोरी केलेली नाही. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "नंदुरबारच्या चौकात तू म्हणालास का, की इंग्रजांच्या लष्कराला मुसलमानानं माणूस देऊ नये, जनावर देऊ नये?" मी म्हणालो, "म्हणालो, आणि पुन्हा म्हणेन." तो म्हणाला, "वर्षभर गप्प राहीन असा मुचलका लिहून दे, जामीनदार आण आणि घरी जा. नाहीतर वर्षभर आत बस." मी आत बसलो. म्हणजे सही केली की दार उघडं. म्हणून तर इथं बसण्याला मोल आहे.

हाजी बदरोद्दीनसाहेब, सारंगखेड्याचे बन्सीलालभाई आणि मी, अशा तिघांनी खिलाफत कमिटी काढली तेव्हा गाव हसलं होतं. म्हणे कापूस पिंजायचा सोडून पिंजारी निघाला तुर्कस्तानच्या खलिफाची गादी वाचवायला! आज तालुक्यात आपले तीनशे स्वयंसेवक आहेत. गुजर, पाटील, मुसलमान एका जाजमावर बसतात. खलिफाची गादी आणि आपलं स्वराज्य, दोन्हींचा गळा एकाच हातानं धरलाय, हे लोकांना पटलं.

आता कमिटीचं सगळं हाजीसाहेब बघतील, अध्यक्ष तेच आहेत. काही लागलं तर अम्माला त्यांच्याकडे पाठव. तू स्वतः जाऊ नकोस. बाहेर पडायची वेळ आलीच तर बुरखा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. तू आता पुढाऱ्याची बायको आहेस. लोक बघतात.

गफूर

•

पिंजारवाडा, नंदुरबार
ता. २० नोव्हेंबर १९२१

सलाम. अम्मा बरी आहे. मीही.

तुमचं पत्र मी अम्माला वाचून दाखवलं. तिनं तीन वेळा वाचायला लावलं. "मन्हा आंडोर झुकना नही," असं लेकाच्या अभिमानानं गल्लीतल्या प्रत्येकीला सांगत होती.

पण कमिटीचं तुम्ही लिहिलंत तसं काही नाही. तुम्हाला नेलं त्याच आठवड्यात हाजीसाहेबांनी खोलीला कुलूप लावलं. स्वयंसेवक रोज येतात, कुलूप बघतात आणि जातात. बन्सीलालभाई दोनदा सारंगखेड्याहून आले. हाजीसाहेब त्यांना म्हणाले, "सध्या दिवस वाईट आहेत, गप्प राहणंच शहाणपणाचं." बन्सीलालभाई आपल्या ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाभी, गप्प राहायचं होतं तर गफूरला आत कशाला जाऊ दिलं?" मी दाराआडून ऐकत होते.

मग मी अम्माला हाजीसाहेबांकडे पाठवलं. तिला त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, गफूरनं एवढं कडक बोलायला नको होतं. त्या चौकात तुमच्या शेजारी खुर्चीवर तेच बसले होते ना? टाळ्या वाजवल्या होत्या ना?

मला त्यांचा राग आजचा नाही. माझ्या भावाला, रज्जबला, लढाईत खेचरांच्या तांड्यावर भरती करायला तंबूपर्यंत नेणारे तेच होते. रज्जब बसऱ्याकडे गेला तो गेलाच. कबर कुठं आहे तेही ठाऊक नाही. लढाईनंतर हाजीसाहेब हज करून आले, आपल्या घरी येऊन रडले, आणि तुम्ही मला म्हणालात, "माणूस बदलतो, जैतून." मी मान्य केलं.

पुढच्या महिन्यात सारंगखेड्याची दत्ताची जत्रा आहे. लष्कराचा साहेब घोडे घ्यायला दरवर्षीसारखा येणार. जनावर देऊ नका, असं तुम्ही म्हणालात. ते तिथं कोण म्हणणार, हे मी अम्माकरवी हाजीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बायकांनी यात पडू नये.

अम्माला जत्रा बघायची आहे. मी तिच्यासोबत जाईन. बन्सीलालभाईंच्या घरी सुगंधाबाईंकडे उतरू.

जैतून

•

नंदुरबार
ता. ३ जानेवारी १९२२

अजीज गफूरमियाँ यांस हाजी बदरोद्दीनचा सलाम.

हे पत्र कारकुनाकडून मराठीत लिहवून घेत आहे, म्हणजे तुम्हाला लवकर पोचेल. तुमच्या त्यागानं आम्हा सर्वांची मान उंच झाली आहे. म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना जीभ जड होते. पण तुमच्या घरून कोणी कळवणार नाही, आणि बाहेरून कळण्यापेक्षा वडीलधाऱ्याकडून कळलेलं बरं.

सारंगखेड्याच्या जत्रेत तुमच्या घरच्या मंडळींनी भर बाजारात बैलगाडीवर उभं राहून भाषण केलं. तोंडावर पडदा नव्हता. भोवती सौदागर, तमासगीर, दारुडे, सगळ्या प्रकारची माणसं होती. लोकांनी शिट्ट्या घातल्या. गाडी बन्सीलाल गुजराची होती. त्या घरात त्या तीन दिवस राहिल्या. मी बन्सीलालबद्दल वावगं म्हणत नाही, पण लोकांची तोंडं आपण धरू शकतो का? शुक्रवारी नमाजानंतर जमातीतल्या चौघांनी मला विचारलं, "ज्याला घर सांभाळता येत नाही, तो कौम काय सांभाळणार?" मी खाली मान घातली.

तुम्ही बाहेर असता तर हे घडलं नसतं. मी वकिलाशी बोललो आहे. मुचलका म्हणजे माफी नव्हे. कोरा कागद आहे, त्यावर नाव लिहायचं. जामीन मी स्वतः राहतो. घरी या, घर ताब्यात घ्या. कमिटीचं काम नंतरही होईल. अब्रू एकदा गेली की पुन्हा येत नाही.

आपला खैरख्वाह,
हाजी बदरोद्दीन

•

धुळे तुरुंग
ता. ८ जानेवारी १९२२

जैतून,

डिसेंबरात तुझं पत्र नाही. मी रोज कारकुनाला विचारायचो. तो म्हणायचा, विसरली असेल. आता कळलं तुला वेळ का नव्हता.

अम्माला जत्रा बघायची होती! असं लिहिताना तुझा हात कापला नाही? मी इथं जाड्याभरड्या भाकरीवर दिवस काढतोय. कशाच्या जोरावर? माझी बायको आपल्या घरात अब्रूनं बसलीय, या जोरावर. आणि तू उघड्या तोंडानं गाडीवर चढलीस. घोड्यांच्या बाजारात! जिथं जनावराचं तोंड उघडून दात बघतात तिथं तू तुझं तोंड दाखवलंस.

इथं माझ्या बराकीत मौलवी आहेत, वकील आहेत. मी पिंजारी म्हणून आधी कोणी बोलत नव्हतं. महिन्याभरात त्यांनी मला आपल्यात बसवलं. त्यांना कळलं तर? तुला हे काय कळणार. तुला वाटलं, चार अक्षरं आली म्हणजे पुढारी झालो. ती अक्षरं मी दिली. त्याचा मला आज पस्तावा होतो.

या पत्राचं उत्तर नको. अम्माच्या पायाशी बस. पुन्हा तू कुठल्या सभेत, बाजारात, बन्सीलालच्या गाडीवर दिसलीस, तर अल्ला साक्षी आहे, मी ते तीन शब्द लिहून पाठवीन आणि तू तुझ्या वाटेनं जा.

मी जेलरकडे मुचलक्याचा कागद मागितला आहे. जन्मात मागितला नसता. तुझ्यामुळे मागितला, हे लक्षात ठेव.

गफूर

•

नंदुरबार
ता. १६ जानेवारी १९२२

उत्तर नको म्हणालात. तरी देते.

डिसेंबरात लिहिलं नाही, कारण खोटं लिहावं लागलं असतं. एकदा लिहिलं, ते पुरे झालं. आता खरं वाचा. सगळं वाचा, मधेच फाडू नका.

जत्रेत नदीकडच्या अंगाला लष्कराच्या साहेबाचा तंबू होता. समोर घोड्यांची रांग. मी बुरख्यात होते, अम्माचा हात धरून. रांगेतल्या घोड्यांचे लगाम धरून हाजींचा चाकर धुडकू उभा होता. मी विचारलं, "धुडकूभाऊ, हे घोडे कोणाचे?" तो सरळ माणूस. म्हणाला, "हाजीसायबना शेतस. पुतन्याना नावनी पावती फाडतस." मी मोजले नाहीत, त्यानंच सांगितलं, चाळीस.

तुम्ही ज्या शब्दासाठी तुरुंगात बसलात, जनावर देऊ नका, त्या शब्दाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या माणसानं चाळीस घोडे दिले. म्हणून खोलीला कुलूप. म्हणून गप्प राहणं शहाणपणाचं.

मी बन्सीलालभाईंकडे गेले. ते म्हणाले, "मी बोललो तर लोक म्हणतील, गुजर मुसलमानांच्या पोटावर पाय देतो. तुमच्यातल्या कोणी बोलायला हवं." स्वयंसेवक होते आठ-दहा. त्यातल्या प्रत्येकाचा बाप नाहीतर मामा हाजींच्या उपकाराखाली. मग सुगंधाबाई म्हणाल्या, "गाडी मी जुंपते. कोणी चढणार आहे का?"

मी चढले. आधी बुरख्यातूनच बोलले. पुढचे लोक ओरडले, "काय बोली ऱ्हायनी ती, काहीच आयकू येत नही!" कापडातून आवाज जात नव्हता, म्हणून मी तोंडावरचं काढलं. एवढीच गोष्ट आहे. शिट्ट्या झाल्या, हे खरं आहे. मग एक म्हातारा काठी आपटून ओरडला, "बाई बोली ऱ्हायनी, गप बठा रे!" तेव्हापासून कोणी शिट्टी घातली नाही, हे तुम्हाला कळवलं नसेल.

मी काय बोलले? तुमचं भाषण मला येत नाही. मी रज्जबचं सांगितलं. त्याला खेचर कसं आवडायचं, तो जाताना मला काय म्हणाला, आणि बसऱ्याहून त्याच्या मरणाचा छापील कागद आला तेव्हा त्याच्यावर नाव चुकलेलं होतं. तो ज्यांच्याशी लढायला गेला ते नमाज पढणारेच होते, हे त्याला तिथं गेल्यावर कळलं असेल. मग म्हणाले, "आज जो घोडा द्याल तो उद्या कोणाच्या अंगावर जाईल ते विचारून द्या." काठेवाडकडच्या दोन सौदागरांनी आपली जनावरं रांगेतून काढली. मग आणखी काहींनी काढली. हाजींचे घोडे तिथंच राहिले, आणि सगळ्या जत्रेनं ते बघितले. हा माझा गुन्हा.

तुम्हीही चौकात रज्जबचीच गोष्ट सांगत होता. माझ्या भावाची गोष्ट. ती सांगून तुम्ही पुढारी झालात. मी दाराआड बसून ऐकायची आणि पदर तोंडात धरायची. मीच सांगितली तर अब्रू गेली?

आणि पडद्याचं मला शिकवू नका. आपल्या जातीत बाई कधी पडद्यात होती? माझी आई जिनिंगच्या कारखान्याच्या दारात उन्हात बसून कापूस निवडायची. तुमची अम्मा डोक्यावर गाद्या घेऊन गावोगाव हिंडली, त्यातून तुमची शाळा झाली. तुम्हाला हाजीसाहेबांच्या जाजमावर बसायला मिळालं तेव्हा मी बुरख्यात गेले. तो तुमच्या खुर्चीसाठी होता, दीन-धर्मासाठी नव्हता. आता तुरुंगातले मौलवी तुम्हाला शेजारी बसवतात म्हणून माझी लाज वाटते?

तीन शब्द लिहायचे तर लिहा. कारकून आधी वाचेल, मग मी वाचीन. तुमची धमकी त्यानं वाचलीच आहे.

काल पोलीस आला होता. तुमच्यावर जे कलम लावलं तेच माझ्यावर. २४ तारखेला मॅजिस्ट्रेटपुढे जायचं आहे. मुचलका द्या नाहीतर आत बसा. हाजींनी निरोप पाठवला, तुझाही जामीन राहतो. किती मोठं मन!

मी सही करणार नाही. तुम्हाला करायची असली तर भीतीपोटी करा, घरासाठी करा, अम्मासाठी करा. माझ्या नावावर करू नका. माझं नाव त्या कागदावर कुठल्याच बाजूनं नको.

जैतून

•

नंदुरबार
ता. ३ फेब्रुवारी १९२२

जैतून,

हे पत्र तुला तुरुंगात लिहावं लागतंय. मी बाहेर आणि तू आत. लोक हसत असतील.

तुझं १६ तारखेचं पत्र मला सुटताना दारात मिळालं. जानेवारीत माझ्या वाट्याचं एक पत्र हाजीसाहेबांचं आलं होतं, म्हणून तुझं फेब्रुवारीसाठी ठेवून दिलं होतं. कायदाच तसा. मी २७ ला सही केली. नरडाण्याला गाडीची वाट बघत बाकड्यावर बसून तुझं पत्र वाचलं. खोटं वाटलं. रागानं लिहिलंय, असं वाटलं. गाडीत पुन्हा वाचलं.

नंदुरबारला स्टेशनवर हाजीसाहेब हार घेऊन उभे होते. सोबत त्यांचा पुतण्या. बाकी कोणी नव्हतं. एक स्वयंसेवक नव्हता. टांग्यात मी विचारलं, "हाजीसाहेब, जत्रेत तुमचे घोडे होते?" ते म्हणाले, "माझे कुठले, पुतण्या धंदा करतो." पुतण्या बाहेर बघत बसला. तेव्हा मला कळलं.

घरी आलो. अम्मा ओट्यावर होती. माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघून म्हणाली, "तू कोन रे भाऊ? मन्हा आंडोर ते जेलम्हा शे." मी म्हणालो, अम्मा, मीच. ती आत गेली आणि कडी लावली. पहिला दिवस मी ओट्यावरच बसून काढला. मग शेजारच्या बाईनं सांगितलं, तू २४ ला त्याच मॅजिस्ट्रेटपुढे उभी राहिलीस, सही नाही म्हणालीस आणि सहा महिने घेऊन धुळ्याला गेलीस.

धुळ्याला. त्याच तुरुंगात. मी सही केली तेव्हा तू भिंतीपलीकडे तीन दिवसांपासून होतीस आणि मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. हे खरं लिहितोय.

पण तूही ऐक. तुला थांबता आलं नसतं? मी घरी येईपर्यंत? दोघांनी मिळून काही केलं असतं. तू मला विचारलं असतंस, धुडकू काय म्हणाला ते आधी कळवलं असतंस, तर मी त्या माणसाच्या जामिनावर सुटलोच नसतो. तू लपवलंस, त्याचा फायदा त्यानं घेतला. आता मी कुठं तोंड दाखवू? मशिदीत गेलो की लोक सरकून बसतात. बन्सीलालभाई रस्त्यात भेटले, बोलले नाहीत.

तू मुचलका दे आणि बाहेर ये. बायकांची बराक कशी असते हे मी ऐकलंय. अम्मा जेवत नाही. नवरा बाहेर नि बायको तुरुंगात, हे मला सहन होत नाही. रागानं म्हण, कसंही म्हण, पण ये.

गफूर

•

धुळे तुरुंग
ता. ५ मार्च १९२२

तुम्हाला सहन होत नाही म्हणून मी सही करावी? मग तुमच्यात आणि हाजींत फरक काय? त्यांनीही तुम्हाला हेच सांगितलं, घरासाठी सही करा.

मी लपवलं म्हणता. कळवलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं? "हाजीसाहेबांना विचार." तुमच्या पहिल्या पत्रात तेच होतं.

बायकांची बराक अशी आहे. माझ्याशेजारी कालीबाई आहे, अक्राणीकडची भिल्ल. सरकारी जंगलातून लाकूड आणलं म्हणून आली. तिची बोली मला अर्धी कळते. मी कशासाठी आलेय हे तिला सांगितलं. खलिफा कोण, हे सांगताना मीच अडखळले. ती खूप वेळ ऐकून म्हणाली, तुमचा राजा फार लांब राहतो गं. मला रागही आला आणि हसूही आलं. पण घोड्यांचं सांगितलं तेव्हा तिला लगेच कळलं. तिच्या गावात साहेब घोड्यावरूनच येतो.

इथल्या वॉर्डरनं परवा सांगितलं, वरच्या पुढाऱ्यांनी चळवळ थांबवली. तिकडं उत्तरेत लोकांनी पोलीस जाळले म्हणून. पोलीस जाळले हे वाईट झालं. पण मला आधी राग आला तो थांबवणाऱ्यांचा. सुरू करताना त्यांनी सुरू केली, थांबवताना त्यांनी थांबवली. मधे आम्ही तुरुंगात येऊन बसलो, आम्हाला कोणी विचारलं? जैतून पिंजारीण थांबली का, हे कोणी विचारायला आलं? मी तर अजून थांबले नाही.

तुम्ही कमिटी काढणारे. तिघांपैकी एक. लोक सरकून बसतात म्हणून ओट्यावर बसून राहिलात तर कमिटी हाजींचीच झाली. त्या खोलीला अजून कुलूप आहे का? असेल तर तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता कसे?

मला माफी नको. तुमची तर अजिबात नको, ती मागायला सोपी असते. मला ती खोली उघडी हवी. एवढं करता येतं का बघा. येत नसेल तर पुढचं पत्र लिहू नका.

अम्माला सांगा, मी दोन्ही वेळा जेवते. तिनंही जेवावं.

जैतून

•

नंदुरबार
ता. १० एप्रिल १९२२

जैतून,

खोली उघडली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर लोक बाहेर पडत होते. मी लोहाराकडून घण आणला होता. मशिदीतून खोलीपर्यंत तो खांद्यावर टाकून सरळ रस्त्यातून गेलो. आपोआप गर्दी मागं आली. बन्सीलालभाईंना आदल्या दिवशी निरोप दिला होता. येतील की नाही ठाऊक नव्हतं. ते आले, सुगंधाबाईंना घेऊन. तरी माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या घावात कुलूप पडलं. तेवढ्यात हाजीसाहेब आले.

"गफूर, हे कुलूप माझं आहे."

"घेऊन जा," मी म्हणालो. "दार कमिटीचं आहे."

ते जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "मुचलका विसरलास? वर्षभर तोंड उघडायचं नाही."

मी मोठ्यानं म्हणालो, "विसरलो नाही. मी सही केली आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि जामीन कोण राहिलंय तेही विसरलो नाही. मी आता बोललो तर सरकार ती रक्कम हाजीसाहेबांकडून वसूल करेल."

जैतून, त्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस. "बेटा," म्हणाले. आजवर कधी बेटा म्हणाले नव्हते. माझा हात धरला. मी तो सोडवला, पायरीवर चढलो आणि ज्या वाक्यासाठी मला पहिल्यांदा धरलं होतं ते शब्दन् शब्द पुन्हा बोललो. लष्कराला माणूस देऊ नका, जनावर देऊ नका. मग म्हणालो, "आपल्या कमिटीच्या अध्यक्षांनी चाळीस घोडे दिले."

"दिले नाहीत!" हाजीसाहेब ओरडले. "विकले!"

क्षणभर कोणालाच कळेना. मग मागून कोणीतरी हसलं, आणि सगळ्या गर्दीतून ते हसू पसरत गेलं. ते हसू ऐकून मला बरं वाटलं नाही. दोन वर्षं मी त्याच माणसाला पुढे बसवत होतो. हाजीसाहेब गेले. त्यांच्या मागं निम्मी गर्दी गेली.

उरलेल्यांना घेऊन खोलीत बसलो. धूळ होती, जाजम उंदरांनी खाल्लं होतं. मी म्हणालो, नवा अध्यक्ष हवा, मी जैतूनबींचं नाव सुचवतो. गोंधळ उडाला. "बाईच्या हाताखाली?" "तुरुंगातली बाई?" एकानं चप्पल घातली, म्हणाला, "तुला बायकोनं खाल्लं." मी म्हणालो, "मला माझ्या मोठेपणानं खाल्लं. बायको तिथंच उभी आहे जिथं आपण सगळ्यांनी उभं राहायचं ठरवलं होतं." आणखी चारजण गेले. बन्सीलालभाईंनी हात वर केला. ठराव झाला, उरलेल्या नऊजणांत. नंतर बन्सीलालभाई पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "घण चांगला शे," एवढंच.

आता ८ जानेवारीच्या पत्राबद्दल. त्या तीन शब्दांची धमकी मी कारकुनाच्या हातून पाठवली होती. हे पत्रही कारकून वाचणार, म्हणून त्याच्यादेखत लिहितो: ती धमकी मी मागं घेतो. तुला अक्षरं शिकवल्याचा पस्तावा झाला असं लिहिलं होतं, तेही.

मुचलका मोडला, त्यामुळे एकदोन दिवसांत मला नेतील. या वेळी साधी कैद नसेल. अम्मानं काल मला आत घेतलं, ताट वाढलं. समोर बसली. जेवण झाल्यावर म्हणाली, "आते तू मन्हा आंडोर." आणि रडायला लागली.

गफूर

•

धुळे तुरुंग
ता. १४ मे १९२२

गफूर शेख भिकन यांस, नाशिकचा तुरुंग.

नाव घेऊन लिहिते आहे. पाकिटावर घ्यावंच लागलं, मग आत कशाला टाळू? दीड वर्षाची सक्तमजुरी दिली आणि नाशिकला नेलं, हे बन्सीलालभाईंनी कळवलं. हाजींची जामिनाची रक्कम सरकारनं जप्त केली, हेही. ते आता गावात सांगत फिरतात म्हणे, की खिलाफतीसाठी मी पैसा गमावला. काही लोक मानही डोलावतात. ऐकून माझं दिवसभर डोकं फिरलं होतं. कालीबाईनं शेवटी माझ्या हातात जात्याचा खुंटा दिला, म्हणाली, दळ.

तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं. खोली उघडलीत, चांगलं केलंत. दगड फोडायला बसायची वेळ आली तेव्हा बसलात. तुमच्या हाताला फोड येतील. पिंजायची सवय मोडून दोन वर्षं झाली, म्हणून आणखी लवकर येतील. पहिले काही दिवस पाण्यात भिजवा, कापडानं बांधू नका.

पण माझा राग गेला, असं समजू नका. धमकी कारकुनादेखत मागं घेतलीत. ठीक. ती घरी पोचली तेव्हा मी चूल पेटवत होते. चूल तशीच राहिली, अम्मा दिवसभर उपाशी राहिली. ते मागं कसं घेणार? ते राहील. माझ्याजवळ राहील, आणि कधी तुम्ही मोठ्या आवाजात बोललात की मी ते बाहेर काढीन.

आणि दुसरं. अध्यक्ष केलंत. मला विचारलंत का? मी इथं आत, तुम्ही तिथं नऊजणांत हात वर केलेत आणि ठराव झाला. आधी घरात बसवलं तेही न विचारता, आता खुर्चीवर बसवलं तेही न विचारता. त्या नऊजणांपैकी दोघांनी स्वयंसेवकपण सोडलं, असं बन्सीलालभाई लिहितात. वरून चळवळ थांबलेली. घोड्यांचा साहेब मात्र थांबणार नाही.

तरी ते काम मी घेते. तुम्ही दिलंत म्हणून नव्हे. दुसरं कोणी घ्यायला तयार नाही, आणि मला ते येतं, म्हणून.

२४ जुलैला मी सुटेन. तुम्ही तेव्हा आतच असाल. अम्मा नि सुगंधाबाई गाडी घेऊन येणार आहेत. वाटेत दोंडाईच्याला थांबून सभा घेईन, मग शहाद्याला, मग नंदुरबारला. तोंड उघडं असेल. मुचलका मागतील, देणार नाही. पुन्हा धरतील तर अम्मा कमिटीची खोली सांभाळेल. तिला ठराव वाचता येत नाही, पण कुलूप कोणाला लावू देणार नाही.

हे तुम्हाला विचारत नाही. कळवते.

जैतून